केबल वेकबोर्डिंगची पहिली स्पर्धा : नियम, गुण आणि परीक्षकांची नजर

केबल वेकबोर्डिंग म्हणजे उंचावरच्या तारेच्या दोराने ओढलं जात बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावण्याचा खेळ. त्यातल्या पहिल्या स्पर्धेसाठी नाव नोंदवताना बहुतेक नवे रायडर आपल्याला येणाऱ्या ट्रिक मोजत बसतात. परीक्षक ट्रिक मोजत नाहीत. डॉकवरून (निघायच्या फलाटावरून) सुटल्यापासून शेवटच्या लँडिंगपर्यंतची अख्खी रन ते पाहतात आणि त्याच हीटमधल्या, म्हणजे एकत्र तोलल्या जाणाऱ्या रायडरच्या गटातल्या, बाकीच्या रनच्या ती वर की खाली, एवढंच ठरवतात. ही एक गोष्ट नीट समजली की नियमपत्रकातली बरीच कलमं कळायला लागतात आणि सराव कशाचा करायचा तेही कळतं. केबलवर आत्मविश्वासाने उभं राहता येतं, काही ट्रिक बसल्या आहेत, पण स्पर्धा कशी चालते हे जवळून पाहिलेलं नाही, अशा रायडरसाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : केबल कोणती, ते विचारा

केबलचे मुख्य प्रकार दोन. पहिला फुल-साइझ. पाण्याभोवती पाच किंवा सहा खांब, त्यांच्या माथ्यावरून सतत फिरणारी तार आणि तिला ठरावीक अंतरावर लागणारे दोर. एका वेळी अनेक रायडर पाण्यात असतात. ही यंत्रणा जर्मन अभियंता ब्रुनो रिक्सेन यांनी घडवली. दुसरा प्रकार दोन खांबांचा. इथे तार सरळ रेषेत पुढे-मागे धावते, पाण्यात एकच रायडर असतो आणि वेग ऑपरेटरच्या हातात असतो.

स्पर्धेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. फुल-साइझवर वेग सगळ्यांना सारखाच, वेकबोर्डसाठी साधारण ताशी ३० किलोमीटर, आणि तो तुमच्यासाठी कमी-जास्त होत नाही. प्रत्येक खांबापाशी वळण येतं. तिथे दोर क्षणभर सैल होतो, मग झटका देऊन ताणला जातो. वळण चुकीच्या रेषेतून घेतलं तर कुठलीही ट्रिक न करताच रन संपते. दोन खांबांच्या केबलवर असं वळण नसतं, पण दर फेरीनंतर दिशा उलटी होते. जाताना जी बाजू टाचेची, ती येताना पंजाची होते. एकाच दिशेत सराव केलेल्या रायडरची अर्धी रन तिथे रिकामी जाते.

फुल-साइझबद्दल आणखी एक गोष्ट नव्यांना कुणी आवर्जून सांगत नाही. बहुतेक केबल घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. उजवा पाय पुढे ठेवणारा, म्हणजे गूफी रायडर, अशा केबलवर टाचेच्या कडेने (बोर्डची टाचेकडची कड पाण्यात दाबून) बाहेरच्या बाजूला कापत जातो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या रेग्युलर रायडरला बाहेर जायला पंजाची कड वापरावी लागते आणि टाचेची कड त्याला आतल्या बाजूला नेते. त्यामुळे दुसऱ्या कुणाची रन पाहून जशीच्या तशी उचलू नका. आधी तो कुठला पाय पुढे ठेवतो ते पाहा.

बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या वेकबोर्डिंगपेक्षा हे वेगळं कसं, हेही इथेच सांगितलेलं बरं. केबलवर बोटीची लाट नसते. उडी घ्यायची ती दोराच्या ताणातून. रायडर केबलपासून लांब कापत जातो, धनुष्याची दोरी ताणावी तसा दोर ताणत नेतो आणि योग्य क्षणी कड सोडतो. तार उंचावर असल्यामुळे ओढ वरच्या दिशेने मिळते आणि शरीर हवेत जातं. खेळाच्या दृष्टीने याचा फायदा असा की ओढ सगळ्यांना एकसारखी मिळते. बोट, तिचा चालक आणि लाटेचा आकार हे घटक मधून निघून जातात. २०२० च्या ऑलिंपिकसाठी ज्या आठ खेळांचा विचार २०११ मध्ये सुरू झाला, त्यांत वेकबोर्डिंग होतं आणि प्रस्ताव केबलवरच्या प्रकाराचा होता. शेवटी निवड झाली नाही.

दुसरी पायरी : नियमपत्रक शेवटपर्यंत वाचा

आंतरराष्ट्रीय पातळीवर या खेळाचे नियम आंतरराष्ट्रीय वॉटरस्की आणि वेकबोर्ड महासंघ, म्हणजे आयडब्ल्यूडब्ल्यूएफ, ठरवतो. स्थानिक स्पर्धा बहुतेकदा त्यावरच बेतलेल्या असतात, पण प्रत्येक आयोजक आपल्या पार्कप्रमाणे काही कलमं बदलतो. म्हणून मागच्या वर्षी मित्राने सांगितलेल्या नियमावर विसंबू नका. या स्पर्धेचं पत्रक मिळवा आणि त्यात पुढच्या गोष्टी शोधा.

रन किती आणि केवढी? कुठे फेऱ्या मोजतात, कुठे वेळ. अनेक स्पर्धांत प्रत्येकाला दोन रन मिळतात आणि त्यांतली चांगली धरली जाते. हा नियम असेल तर तुमची सगळी आखणी बदलते. का, ते पुढे येईलच.

पडलं तर काय? बऱ्याच ठिकाणी पडलात की ती रन तिथेच संपते आणि तोवर जे केलं त्याचेच गुण मिळतात. काही ठिकाणी, विशेषतः नवख्यांच्या गटात, एकदा पडल्यावर पुन्हा निघायची मुभा असते. डॉकवरून निघतानाच पडलात तर ते पडणं धरतात का, हे वेगळं विचारा. धडधडत्या छातीने केलेल्या पहिल्या स्टार्टला हा प्रश्न खरोखर उभा राहतो.

तुमचा गट कुठला? मुलं-मुली, ज्युनियर, खुला गट, मास्टर्स, व्हेटरन्स असे वयाचे गट असतात. बसून राइड करणाऱ्या अपंग खेळाडूंसाठी सीटेड वेकबोर्डचे गट असतात. पाय बांधायची बाइंडिंग नसलेल्या बोर्डवरच्या वेकस्केटचा गट निराळा. अलीकडे फक्त फीचरवर, म्हणजे पाण्यातल्या घसरत जायच्या रेलवर आणि उडी मारायच्या उतरत्या किकरवर, राइड करण्याचा गटही दिसतो. वय कोणत्या तारखेला धरायचं ते पत्रकात लिहिलेलं असतं. माझं स्पष्ट मत असं की नवख्यांचा गट असेल तर त्यातच उतरावं. खुल्या गटात शेवटून दुसरं येण्यापेक्षा आपल्या बरोबरीच्या रायडरच्या मध्ये उभं राहून परीक्षक काय पाहतात हे शिकणं जास्त मोलाचं.

पुढे जाण्याची पद्धत कोणती? मोठ्या स्पर्धांत पात्रता फेरी, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशी चढण असते. पात्रता फेरीत मागे राहिलेल्यांना शेवटची संधी म्हणून एक फेरी दिली जाते. तिला सगळे एलसीक्यू म्हणतात. पहिल्या प्रयत्नात घसरलात म्हणून बोर्ड आवरून घरी निघू नका. आधी फलकावर एलसीक्यूच्या यादीत नाव आहे का ते पाहा.

सुरक्षेच्या साहित्यात तडजोड नाही. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट यांबद्दल पत्रकात काय आहे ते पाहा, आणि काहीच लिहिलेलं नसलं तरी फीचरवर जाणार असाल तर दोन्ही घाला. इम्पॅक्ट व्हेस्ट छाती-बरगड्यांना मार लागण्यापासून वाचवतं, पण ते लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी ते बनवलेलं नसतं. पोहणं कच्चं असेल तर आयोजकांना तसं सांगा आणि योग्य जॅकेट मागा.

तिसरी पायरी : परीक्षक काय पाहतात

परीक्षक बहुतेकदा तीन किंवा पाच असतात. केबलचा मोठा भाग दिसेल अशा मनोऱ्यावर किंवा मचाणावर ते बसतात. त्यांच्या वर एक मुख्य परीक्षक असतो. नियमांचा अर्थ लावणं आणि पुन्हा रन द्यायची की नाही ते ठरवणं त्याच्याकडे. परीक्षक प्रत्येक ट्रिक खुणांच्या भाषेत कागदावर टिपत जातात आणि रन संपल्यावर एकूण छाप म्हणून ० ते १०० मधला एक आकडा देतात.

नव्या रायडरचा गैरसमज होतो तो इथेच. बॅकरोलला (हवेत लोळत उलटी होणारी उडी) इतके, रेलीला (शरीर मागे ताणून बोर्ड डोक्याच्या वर नेणारी उडी) इतके, असा कोष्टकातून बेरीज करून तो आकडा येत नाही. तो तुलनेतून येतो. हीटमधल्या पहिल्या रायडरला गुण देताना परीक्षकाला पुढच्यांसाठी वर आणि खाली जागा ठेवावी लागते. समजा त्याला ५५ दिले. दुसरा त्याच्यापेक्षा थोडा सरस वाटला तर ६२, तिसरा दोघांच्या मधला वाटला तर ५८. म्हणून सकाळच्या हीटमधले ६० आणि दुपारच्या हीटमधले ६० यांची तुलना करून काही हाती लागत नाही. आकडा क्रम सांगतो, आणि तोही त्या हीटपुरता.

मग तुलना कशाच्या आधारे? मुख्यतः तीन गोष्टी.

अंमलबजावणी, म्हणजे ट्रिक किती स्वच्छ झाली. लँडिंगला हात पाण्याला टेकला का, बूड टेकलं का, बोर्ड घसरला का, दोर सैल पडून मग झटका बसला का? लँड झाल्यावर रायडर लगेच कडेवर आला की दोन क्षण तोल सावरण्यात गेले? ग्रॅबच्या, म्हणजे हवेत बोर्ड हाताने पकडण्याच्या, बाबतीत परीक्षक फार कडक असतात, आणि असायलाच हवं. बोर्डला बोटं लावून सोडली तर तो ग्रॅब होत नाही. पकडायचं, धरून ठेवायचं आणि शक्य असेल तर पाय ताणून आकार दाखवायचा. रेलवर तर हे उघडंच दिसतं. शेवटच्या टोकापर्यंत गेलात की मध्येच बाजूला घसरलात, हे काठावरच्या प्रेक्षकालाही कळतं.

तीव्रता म्हणजे अवघडपणा, उंची आणि जोर यांचा एकत्र परिणाम. साधी रेली आणि रेलीतून हवेत हँडल पाठीमागून बदलत ३६० फिरणारी ३१३ यांत अवघडपणाचा फरक आहे. ब्लाइंड जज नावाच्या ट्रिकमध्ये रेलीनंतर केबलकडे पाठ करून, हँडल पाठीमागे धरून उतरायचं असतं, म्हणून ती जड मानली जाते. हँडल आधीच पाठीमागे गुंडाळून घेतलेलं फिरणं आणि हवेत हँडल एका हातातून दुसऱ्या हातात देत केलेलं फिरणं, यांत दुसरं वजनदार. पण उंचीही इथेच मोजली जाते. पाण्याला घासत उरकलेल्या अवघड ट्रिकपेक्षा उंच, मोकळी, सावकाश उलगडणारी सोपी ट्रिक पुष्कळदा वर जाते.

तिसरी रचना. रनमध्ये विविधता आहे का? टाचेच्या कडेने, पंजाच्या कडेने, स्विचमध्ये (नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून), पुढच्या आणि मागच्या दिशेने फिरून? उलट्या उड्यांत रोल, टँट्रम (मागे घेतलेली कोलांटी) आणि रेली अशी वेगवेगळी कुळं दिसतात का? हवेतल्या ट्रिक आणि फीचर यांचा समतोल आहे का? तीच ट्रिक पुन्हा केली तर दुसऱ्या वेळी तिला जवळजवळ काही मिळत नाही. तीन बॅकरोल म्हणजे एक बॅकरोल आणि दोन वाया गेलेल्या जागा.

या तिघांत नव्यांनी अंमलबजावणीला धरून राहावं, असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या स्पर्धेत तीव्रता एका महिन्यात वाढवता येत नाही आणि ती ओढून आणायला गेलात तर दुखापत होते. स्वच्छ लँडिंग मात्र दोन आठवड्यांच्या नेमाने सुधारतं. रचना तर कागदावरच सुधारते.

चौथी पायरी : रन कागदावर लिहा

केबलचा साधा नकाशा काढा. डॉक, प्रत्येक खांब, प्रत्येक किकर आणि रेल, परीक्षक बसणार ती जागा. मग प्रत्येक सरळ पट्ट्यावर काय करणार ते लिहा. दोन खांबांमधल्या पट्ट्यात फीचर असेल तर तिथे हवेतली ट्रिक बसते का, की फीचरकडे जायची रेषा धरायला आधीच कापून जावं लागतं? हे कागदावर आणि मग पाण्यात तपासा. किकरच्या लँडिंगनंतर लगेच वळण येत असेल तर तिथली ट्रिक अशी निवडा की उतरल्यावर हँडल पुढे, दोन्ही हातांत असेल.

ट्रिक निवडताना दहापैकी आठ वेळा बसणारी आणि दहापैकी चार वेळा बसणारी, अशा दोन याद्या करा. रनचा कणा पहिल्या यादीतून घ्या. दुसऱ्या यादीतली एखादीच घ्या आणि ती शेवटच्या पट्ट्यात ठेवा. पडल्यावर रन संपणार असेल तर सुरुवातीला पडून तुम्ही पुढची सगळी रन गमावता, शेवटी पडून फक्त ती एक ट्रिक.

नवख्या गटासाठी फुल-साइझवरच्या रनचं एक उदाहरण. डॉकवरून स्वच्छ स्टार्ट, पहिल्या पट्ट्यात ग्रॅबसह ऑली (सपाट पाण्यावरूनच घेतलेली उडी). पुढच्या सपाट रेलवर सरळ ५०-५० (बोर्ड रेलच्याच रेषेत ठेवून), शेवटपर्यंत, उतरताना १८० करून स्विच. स्विचमध्येच वळण घ्यायचं, हे परीक्षक टिपतात. मग पाण्यावर १८० करून मूळ स्थितीत. किकरवर ग्रॅब, नीट धरलेला. दुसऱ्या रेलवर आडवा बोर्डस्लाइड. त्यानंतरच्या मोकळ्या पट्ट्यात टाचेच्या कडेचा बॅकरोल, येत असेल तर. नसेल तर पंजाच्या कडेने फ्रंटसाइड १८०. यातली एकही गोष्ट चमत्कार नाही, पण कडा बदलल्या, स्विच आला, दोन तऱ्हेचे रेल आले, किकर आला आणि हवेतली ट्रिक आली.

ट्रिकच्या मधल्या जागा रिकाम्या सोडू नका, आणि उगाच भरूही नका. पट्टाभर नुसतं उभं राहिलात तर रन पातळ दिसते. मात्र दमलेल्या हातांनी घाईत मारलेली एक जादा उडी लँडिंगला हात टेकवते आणि आधीच्या चार स्वच्छ लँडिंगचा परिणाम फिका करते. हाताची पकड किती वेळ टिकते हे सरावात अख्खी रन सलग मारूनच कळतं. सुट्या ट्रिक कितीही घोटल्या तरी ते कळत नाही.

दोनपैकी चांगली रन धरली जाणार असेल तर पहिली रन सुरक्षित ठेवा. ती बसली की दुसरीत जोखीम घ्या. पहिलीत पडलात तर दुसरीत तीच सुरक्षित रन पुन्हा मारायची, जास्त काही जोडायचं नाही. भरपाईच्या नादात केलेली दुसरी रन सहसा पहिलीपेक्षा आधी संपते.

पाचवी पायरी : सरावाचा आणि स्पर्धेचा दिवस

अधिकृत सरावाची वेळ मर्यादित असते. तिचा पहिला भाग फक्त पार्क समजून घ्यायला द्या. रेल ओला आहे का, किकरचा उतार कसा आहे, वारा कुठून येतो, ते पाहा. समोरून आलेला वारा उडीत वेळ देतो पण शरीर मागे ढकलतो, आणि मागून आलेला वारा दोर सैल करतो. आपल्या पार्कवर ज्या फीचरवर डोळे मिटून जाता, त्याचंच भावंड इथे थोडं उंच किंवा अरुंद असू शकतं.

दोन खांबांच्या केबलवर ऑपरेटरशी आधी बोला. वेग किती हवा, निघताना कुठली खूण कराल, दिशा बदलताना तो दोर कसा ओढतो, हे सगळं ठरवून घ्या.

रायडर्स मीटिंग चुकवू नका. मीटिंगमध्ये सांगितलेला बदल सगळ्यांनी ऐकला असं धरलं जातं. एखादं फीचर बंद केलं, फेऱ्यांची संख्या बदलली, तर ते तिथेच कळतं. मुख्य परीक्षकाला प्रश्न विचारायची खरी जागाही तीच.

रायडरचा क्रम फलकावर लागतो. आपल्या आधी तीन नावं उरली की हेल्मेट घालून डॉकपाशी असा. पुकारा झाल्यावर तुम्ही नसलात तर रन हुकते आणि त्यावर वाद चालत नाही. अंगठ्या, साखळ्या काढून ठेवा. बाइंडिंग घट्ट आहेत का, स्क्रू सैल झालेत का, ते आदल्या रात्री पाहा आणि सकाळी पुन्हा पाहा. केबल मध्येच थांबली किंवा ऑपरेटरकडून चूक झाली तर पुन्हा रन मिळू शकते. तुमच्या बोर्डातला बिघाड सहसा तुमच्याच खात्यात जातो.

पाण्यात पडलात की आधी हँडल सोडा. मग मागून कोण येतंय ते पाहा, पुढच्या रायडरच्या रेषेतून बाजूला व्हा आणि ठरवून दिलेल्या काठाकडे पोहा. किकर आणि रेल यांच्या लँडिंगच्या जागेतून पोहत जाऊ नका, तो रस्ता कितीही जवळचा दिसला तरी. हँडलमधून हात आरपार घालणं किंवा दोर मनगटाला गुंडाळणं हे कुठल्याही परिस्थितीत नाही.

सहावी पायरी : निकाल कसा वाचायचा

निकालपत्रकात प्रत्येक परीक्षकाचा आकडा आणि त्यावरून काढलेला अंतिम गुण दिसतो. गुण सारखे झाले तर बरेचदा तुमची दुसरी, न धरलेली रन क्रम ठरवते. तेव्हा पहिली चांगली गेली म्हणून दुसरी सोडून देऊ नका.

तीन परीक्षकांनी तीन वेगळे आकडे दिलेले पाहून अन्याय झाला असं वाटू शकतं. आधी प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम पाहा. एकाने तुम्हाला ४८ आणि दुसऱ्याने ५६ दिले, पण दोघांच्या यादीत तुम्ही चौथेच असाल, तर त्यांच्यात मतभेद नाही. एकाची मोजपट्टी फक्त खाली सरकलेली आहे. क्रमात फार मोठी तफावत असेल, तर बहुधा एखादी ट्रिक कुणाला वेगळी दिसली किंवा लँडिंग खांबाआड गेलं.

परीक्षकाच्या मताविरुद्ध तक्रार करता येत नाही. बेरीज चुकली, नाव बदललं, रन दुसऱ्याच्या नावावर गेली, तर तक्रार जरूर करा. पण निकाल लागल्यापासून तिला ठरावीक मुदत असते, ती पत्रकात पाहून ठेवा. तक्रार नसली तरी हीट संपून मोकळे झाल्यावर परीक्षकांपैकी कुणाला तरी नम्रपणे विचारा की तुमच्या कागदावर माझ्या रनमध्ये काय टिपलं आहे. बहुतेक जण आनंदाने सांगतात. तुम्ही ग्रॅब म्हणून केलेली गोष्ट त्यांच्या कागदावर नुसती उडी म्हणून असेल, किंवा स्विचमध्ये घेतलेलं वळण त्यांना दिसलंच नसेल. सोबत कुणीतरी परीक्षकांच्या बाजूने रनचा व्हिडिओ काढला असेल तर तो त्या नोंदींशी ताडून पाहा आणि पुढच्या स्पर्धेची रन लिहायला घ्या.